विमान आलं, गेलं. पण बिदर-कलबुर्गीचे प्रवासी मोजले कुणी?

ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या सीमाभागात दोन बातम्या पाठोपाठ आल्या. सोलापूरच्या होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून स्टार एअरची मुंबई आणि बेंगळूरु सेवा सुरू झाली. आणि तिथून जेमतेम एकशे दहा किलोमीटरवर असलेल्या कलबुर्गीहून त्याच कंपनीची बेंगळूरु सेवा थांबली. एकीकडं पेढे वाटले गेले, दुसरीकडं दिल्लीला पत्रं गेली. कलबुर्गीचं विमान सोलापूरनं पळवलं, असं काही जण म्हणाले. तसं म्हणायला काही आधार नाही. पण ज्या कंपनीकडं विमानं मोजकीच आहेत, ती कंपनी जिथं आसनाची हमी मिळते तिथं जाणार, हे समजायला फार शिक्षण लागत नाही.

खरा प्रश्न वेगळा आहे. बिदर, कलबुर्गी, सोलापूर, लातूर, नांदेड या पाच जिल्ह्यांत मिळून विमानानं जाणारी माणसं किती, ती कुठं जातात आणि सध्या कुठून बसतात, हे कुणी मोजलंय का? विमानतळ बांधताना आपण धावपट्टीची लांबी मोजतो. उद्घाटनाला व्यासपीठावर किती खुर्च्या ठेवायच्या तेही मोजतो. प्रवासी मात्र 'येतील' असं गृहीत धरतो.

आधी घटनाक्रम पाहू

बिदरचा विमानतळ मुळात हवाई दलाचा. प्रशिक्षणाचा जुना तळ, सूर्यकिरण पथकाचं घर. तिथं नागरी प्रवाशांसाठी टर्मिनल बांधून झालं तरी ते वर्षानुवर्षं कुलूपबंद होतं. अखेर ७ फेब्रुवारी २०२० रोजी मुख्यमंत्री येडियुरप्पा यांच्या हस्ते उद्घाटन झालं आणि ट्रूजेटचं एटीआर विमान बेंगळूरुला उडालं. दीड महिन्यात कोरोना आला आणि २५ मार्चला देशभरची विमानं जमिनीवर आली. पुढं सेवा सुरू झाली, पण फेब्रुवारी २०२२ मध्ये ट्रूजेटनंच उड्डाणं थांबवली. त्याच वर्षी स्टार एअर आली. २०२३ च्या अखेरीस तीही थांबली. त्यानंतर सव्वा वर्ष टर्मिनल रिकामं. १७ एप्रिल २०२५ पासून राज्य सरकारच्या आर्थिक मदतीवर बेंगळूरु सेवा पुन्हा सुरू झाली. ही मदत एका वर्षाच्या बोलीवर आहे.

कलबुर्गीची गोष्ट थोडी वेगळी. २००८ मध्ये कोनशिला, २२ नोव्हेंबर २०१९ ला उद्घाटन. मधली अकरा वर्षं कशात गेली ते या भागातल्या माणसाला सांगायला नको. पहिलं विमान स्टार एअरचं, पन्नास आसनांचं. पुढं अलायन्स एअरनंही काही काळ फेऱ्या केल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये दिल्लीजवळच्या हिंडनला आणि २०२१ मध्ये तिरुपतीला थेट सेवा सुरू झाली. एक वेळ अशी होती की कलबुर्गीच्या माणसाला देशात कुठंही जायला हैदराबादची गरज उरणार नाही असं वाटू लागलं. मग एकेक मार्ग गळत गेला. 'उडान' योजनेच्या सवलतीची मुदत संपली तशी बेंगळूरुची सेवाही गेली.

रेल्वेच्या प्रवाशांत तेव्हा एक वाक्य फिरत होतं : उडान गेली, उद्यान राहिली. मुंबई-बेंगळूरु उद्यान एक्सप्रेस सोलापूर-कलबुर्गीवरून पिढ्यान् पिढ्या धावतेय, तिला कुणाच्या अनुदानाच्या मुदतीची चिंता नाही. गमतीचा भाग सोडला तरी या वाक्यात अर्थ आहे. जिथं माणसं खरोखर जातात, तिथली गाडी बंद पडत नाही.

धावपट्टी आहे, मग अडलंय कुठं?

कलबुर्गीची धावपट्टी ३,१७५ मीटर लांब आहे. कर्नाटकात बेंगळूरु सोडलं तर एवढी लांब धावपट्टी दुसरीकडं नाही. एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ सारखी दीडशे-दोनशे आसनांची विमानं तिथं उतरू शकतात. म्हणजे अडचण सिमेंट-डांबराची नाही. भारतीय विमानतळ प्राधिकरणानं २०२१ मध्ये वैमानिक प्रशिक्षण संस्थांसाठी जे पाच विमानतळ निवडले त्यांत बेळगाव आणि जळगावसोबत कलबुर्गीही होतं. शिकाऊ वैमानिकांना मोकळं आकाश लागतं, आणि ते कलबुर्गीत भरपूर आहे. विमानतळाला त्यातून चार पैसे मिळतात, हे चांगलंच. पण ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या त्यांना सांगितलं होतं ते याच्यासाठी नव्हे.

आणि हे दुखणं एकट्या कलबुर्गीचं नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा उडान योजनेवरचा २०२३ चा अहवाल वाचण्यासारखा आहे. योजनेच्या पहिल्या तीन टप्प्यांत ७७४ मार्ग मंजूर झाले. त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले, त्यातल्या फक्त ११२ मार्गांनी तीन वर्षांचा सवलतीचा काळ पूर्ण केला. आणि सवलत संपल्यावर मार्च २०२३ पर्यंत टिकून होते ते ५४. मंजूर झालेल्या शंभरातले सातच. तेव्हा कलबुर्गीचं विमान बंद पडलं यात नवल नव्हतं. टिकलं असतं तर ते नवल झालं असतं.

मराठवाड्याला हे नवं नाही. २७ एप्रिल २०१७ ला पंतप्रधानांनी शिमल्याहून उडानचा शुभारंभ केला, त्याच दिवशी नांदेड-हैदराबाद विमानानंही झेप घेतली होती. पाच वर्षांच्या आत ती कंपनीच उरली नाही. बेळगावकरांचा अनुभव तर आणखी बोलका आहे. २०१८ मध्ये हुबळीला उडानचा लाभ मिळाला आणि बेळगावच्या फेऱ्या तिकडं वळल्या. २०१९ मध्ये बेळगावही योजनेत आलं, आणि तिथं पुन्हा गर्दी झाली. मुदती संपत गेल्या तसे तिथलेही काही मार्ग गळाले. दोन शहरांतल्या माणसांची प्रवासाची गरज एवढ्या लवकर बदलली नव्हती. बदललं होतं ते अनुदान. म्हणून विमानाच्या फेऱ्या पाहून मागणीचा अंदाज बांधायला गेलं की फसगत होते.

अनुदानाचं गणित पाटीवर मांडू

या योजनेत 'व्यवहार्यता तफावत निधी' असा जड शब्द आहे. साधा अर्थ असा : तिकिटातून येणारे पैसे आणि फेरीचा खर्च यांतली तूट सरकार भरतं. उडानमध्ये ठराविक आसनांचे दर बांधलेले असतात. सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपये ठरले होते. तूट भरताना केंद्राचा वाटा ८० टक्के, राज्याचा २० टक्के. मुदत तीन वर्षं आणि तेवढाच काळ त्या मार्गावर त्या कंपनीची मक्तेदारी.

सोलापूरसाठी महाराष्ट्र सरकारनं वीस टक्क्यांवर न थांबता शंभर टक्के तूट स्वतः उचलली. एका आसनाला ३,२४० रुपये, वर्षाची तरतूद १७ कोटी ९७ लाख. हा आकडा कुठून आला ते पाहा. स्टार एअरच्या एम्ब्रेअर १७५ विमानात ७६ आसनं. जाऊन-येऊन १५२. वर्षाचे ३६५ दिवस धरले तर ५५,४८० आसनं. त्याला ३,२४० नं गुणलं की बरोबर १७ कोटी ९७ लाख होतात. म्हणजे तरतूद करताना विमानातलं प्रत्येक आसन धरलंय. भरलेलं किती, रिकामं किती हा प्रश्न या गुणाकारात नाही.

आता हाच दर उदाहरणादाखल बिदरला लावून बघू. आठवड्यात चार दिवस ७६ आसनांचं विमान जाऊन-येऊन धरलं, तर वर्षाला ३१,६१६ आसनं होतात. ३,२४० च्या दरानं अनुदान सव्वादहा कोटींच्या आसपास. विमान निम्मं भरलं तर प्रवासी १५,८०८, आणि एका प्रवाशामागं सरकारचे ६,४८० रुपये गेले. पाऊण भरलं तर ४,३२०. नव्वद टक्के भरलं तर ३,६००. बिदर-बेंगळूरु अंतर सोलापूर-मुंबईपेक्षा जास्त, तेव्हा प्रत्यक्ष खर्च याहून मोठाच असणार.

हे पैसे वाया गेले असं म्हणायची घाई नको. रस्त्यावरच्या एसटीलाही तोटा होतो, ती बंद करा असं कुणी म्हणत नाही. पण एका प्रवाशामागं साडेसहा हजार द्यायचे की साडेतीन हजार, हे विमान किती भरतं यावर ठरतं. आणि विमान किती भरणार हे आधी मोजल्याशिवाय कळत नाही. जिथं अनुदान आसनावर मिळतं, प्रवाशावर नाही, तिथं आसन भरायची घाई कंपनीला कमी आणि सरकारला जास्त असायला हवी. आपल्याकडं ती दोघांनाही दिसत नाही.

अंदाज बांधायच्या दोन पद्धती

पहिली पद्धत वरून खाली येणारी. २०२४ मध्ये देशांतर्गत विमानप्रवासी १६ कोटी १३ लाख झाले, त्याआधीच्या वर्षी १५ कोटी २० लाख होते. लोकसंख्येनं भागलं तर शंभर माणसांमागं वर्षाला अकरा प्रवास होतात. २०११ च्या जनगणनेत बिदर जिल्ह्याची लोकसंख्या १७ लाख ३ हजार. सरासरी लावली तर वर्षाला एक लाख ८७ हजार प्रवास. बघणारा खूश! एवढ्या प्रवाशांना चार दिवसांचं विमान काय पुरणार, रोज तीन फेऱ्या हव्यात!

इथंच पाय घसरतो. या अकरामध्ये मुंबई, दिल्ली, बेंगळूरुची माणसं आहेत, जी महिन्यातून चार वेळा उडतात. औरादच्या किंवा आळंदच्या कोरडवाहू शेतकऱ्याला त्या सरासरीत बसवणं म्हणजे साहुकाराच्या आणि सालगड्याच्या उत्पन्नाची सरासरी काढून दोघांनाही सुखवस्तू ठरवणं. आपल्याकडचं प्रमाण देशाच्या सरासरीच्या चौथ्या हिश्श्याइतकं धरलं, तर आकडा ४७ हजारांवर येतो. त्यातलेही सगळे बेंगळूरुला जात नाहीत. कुणी मुंबईला, कुणी दिल्लीला, कुणी आखातात मुलाकडं, कुणी उमरा-हजला. चार दिवसांचं बेंगळूरु विमान पाऊण भरायचं तर पावणेचोवीस हजार प्रवासी हवेत, म्हणजे त्या ४७ हजारांतले निम्मे. सोपं नाही.

दुसरी पद्धत खालून वर जाणारी. कोण जातंय, कशाला जातंय, ते माणूस माणूस मोजायचं. कलबुर्गीत उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे, गुलबर्गा विद्यापीठ आहे, आळंद तालुक्यात कडगंचीला केंद्रीय विद्यापीठ आहे, ईएसआयसीचं वैद्यकीय महाविद्यालय आहे, वाडी-सेडम-चित्तापूर पट्ट्यात सिमेंटचे कारखाने आहेत, तूरडाळीचा व्यापार आहे. बिदरला पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे, नीटच्या तयारीसाठी बाहेरच्या राज्यांतून आलेली पोरं आहेत, हवाई दलाचा तळ आहे. देवदर्शनाचं पाहिलं तर गाणगापूरला महाराष्ट्रातून माणसं लोटतात, ख्वाजा बंदेनवाजांच्या दर्ग्याला सगळ्या दख्खनमधून येतात. बिदरच्या नानक झिरा साहिबला पंजाबातून येणारी मंडळी बहुतेक नांदेडच्या हुजूर साहिबलाही जातात. बसवकल्याण तर आहेच.

यातला प्रत्येक गट वेगळा मोजावा लागतो, कारण प्रत्येकाची वेळ वेगळी. वकिलाला आणि अधिकाऱ्याला सकाळी जाऊन रात्री परत यायचं असतं. त्याला दुपारचं विमान कवडीच्या कामाचं नाही. त्यापेक्षा रात्री गाडीत झोपलेलं बरं. मार्च २०२४ पासून कलबुर्गी-बेंगळूरु वंदे भारतही आहे, जवळपास नऊ तासांत पोचवते. भाविकाला वेळेची घाई नसते, त्याला तिकिटाचा दर महत्त्वाचा. विद्यार्थी वर्षातून तीन-चार वेळा जातो, पण सगळे एकाच आठवड्यात.

विमानतळ प्राधिकरण दर महिन्याला विमानतळनिहाय प्रवासी आकडे देतं. पण ते आकडे आलेल्या-गेलेल्यांचे असतात. जे आलेच नाहीत, दुसरीकडून गेले, त्यांची नोंद तिथं नसते. आणि आपल्या भागाचा सगळा खेळ त्या न आलेल्यांचाच आहे.

शमशाबादची सावली

बिदरहून हैदराबादचा विमानतळ दीडशेएक किलोमीटर. पुणे-हैदराबाद राष्ट्रीय महामार्ग, पुढं बाहेरचा वर्तुळाकार रस्ता. शहरात शिरावंच लागत नाही, अडीच-तीन तासांत माणूस शमशाबादला. तिथून देशात कुठंही, दिवसातून अनेक विमानं, आणि कंपन्यांच्या चढाओढीमुळं तिकीटही बऱ्याचदा स्वस्त. बिदरहून आठवड्यातून मोजक्या दिवशी एकच फेरी. ती रद्द झाली तर पुढची परवा. मुलाखत असेल, ऑपरेशन असेल, माणूस कुठला विमानतळ निवडेल?

ही सावली कागदावरही आहे. मार्च २००८ मध्ये सुरू झालेल्या हैदराबाद विमानतळाच्या करारात अट आहे की, पंचवीस वर्षं दीडशे किलोमीटर हवाई अंतराच्या आत दुसरा विमानतळ विकसित करता येणार नाही. बिदर त्या वर्तुळात येतं. टर्मिनल बांधून पडून राहिलं त्याचं हे मोठं कारण. शेवटी तोडगा निघाला तो असा की, हैदराबादचा विमानतळ चालवणाऱ्या जीएमआर समूहाकडंच बिदरचं नागरी टर्मिनल चालवायला गेलं.

यात वाईट वाटून घेण्यापेक्षा उपयोग बघावा. दोन्ही ठिकाणचा चालक एकच आहे. बिदर, भालकी, उदगीर, जहीराबादकडून रोज किती माणसं शमशाबादला येतात, ती कुठं जातात, हे शोधायला त्याच्याइतकं सोयीचं ठिकाण कुणाचं नाही. राज्य सरकारनं अनुदान देताना ही माहिती मागावी. ती मिळाली तर अर्धा अंदाज तिथंच तयार होईल.

जुना बिदर जिल्हा आणि आजची रेघ

आता सीमाभागाच्या मूळ दुखण्याकडं येऊ. १९५६ आधीच्या बिदर जिल्ह्यात उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके होते. राज्य पुनर्रचनेत ते तेव्हाच्या मुंबई राज्याकडं आणि पुढं महाराष्ट्राकडं गेले. नकाशा बदलला, पण सोयरीक, बाजार, दवाखाना यांची वाट बदलली नाही. उदगीरला लातूर आणि बिदर जवळजवळ सारख्याच अंतरावर. देवणीचा माणूस बिदरला कामाला येतो, औरादचा माणूस उदगीरला बाजाराला जातो. उमरग्याचं, आळंदचं, अक्कलकोटचं तेच.

विमानतळाचा अंदाज बांधताना पहिलं काम असतं ते म्हणजे कुठल्या गावची माणसं इथं येतील, ते वर्तुळ ठरवणं. जगभर हे वर्तुळ रस्त्याच्या वेळेनं ठरतं. आपल्याकडं ते जिल्ह्याच्या आणि राज्याच्या हद्दीनं ठरतं. कर्नाटक पैसे देतं म्हणून बिदरचं विमान बेंगळूरुला जातं. महाराष्ट्र पैसे देतो म्हणून सोलापूरचं मुंबईला. दोन्ही राजधान्यांना आपापल्या लोकांना आपल्याकडं आणायचंय. त्यात चूक नाही. पण उदगीरच्या माणसाला बिदरहून मुंबईला जायचं असेल, किंवा भालकीच्या पोराला पुण्याला, तर तो प्रवासी कुठल्याच राज्याच्या हिशेबात बसत नाही. तो कर्नाटकाच्या लेखी महाराष्ट्राचा आणि महाराष्ट्राच्या लेखी कर्नाटकाचा.

बिदर-कलबुर्गीची मिळून लोकसंख्या ४२ लाख ७० हजार, लातूर जिल्हा साडेचोवीस लाख, धाराशिव साडेसोळा लाख, सगळे आकडे २०११ चे. लातूर-धाराशिवमधले फक्त सीमेलगतचे तालुके धरले तरी बिदरचं वर्तुळ बरंच मोठं होतं. आणि या वर्तुळातल्या मराठी कुटुंबांची मुलंबाळं नोकरीला जास्त करून पुण्या-मुंबईला आणि हैदराबादला आहेत. बेंगळूरु एवढ्यात वाढतंय. विमान एकाच दिशेला आणि माणसं चार दिशांना असतील, तर एकाच दिशेच्या विमानात जागा रिकाम्या राहणारच.

विमान कंपन्यांचं वारं कुठं वाहतंय?

विमानतळानं नुसता आपला अंदाज बांधून भागत नाही. कंपन्या पुढच्या पाच-सात वर्षांत काय करणार, तेही बघावं लागतं. एअर इंडियानं फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० विमानांची मागणी जाहीर केली. इंडिगोनं त्याच वर्षी जूनमध्ये एकदम ५०० विमानांची. पण ही विमानं मोठी. इंडिगोची ती पाचशे एअरबस ३२० च्या घराण्यातली. लहान गावांना लागणारी पन्नास ते ऐंशी आसनांची एटीआर किंवा एम्ब्रेअर विमानं देशात त्या मानानं मोजकीच. इंडिगोची एटीआर, अलायन्स एअर, फ्लाय ९१, स्टार एअर, एवढ्यांतच बहुतेक येऊन थांबतं. त्यांच्यामागं सोलापूर, कलबुर्गी, बिदर, नांदेड, सिंधुदुर्ग, जळगाव अशी रांग. म्हणजे येत्या काळात देशात विमानं वाढतील, पण त्या प्रमाणात आपल्याकडची वाढतील असं धरून चालू नये.

दुसरी गोष्ट, कंपन्यांचा भरवसा. ट्रूजेट २०२२ मध्ये थांबली, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. एकाच कंपनीवर विसंबलेला विमानतळ त्या कंपनीला शिंक आली की आजारी पडतो.

तिसरी गोष्ट मात्र आपल्या फायद्याची आहे. मुंबईला उतरायला जागा नाही, हे कारण वर्षानुवर्षं लहान गावांना ऐकवलं गेलं. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहून विमानं उडू लागली. पहिल्या टप्प्यातच वर्षाला दोन कोटी प्रवाशांची क्षमता आहे. नव्या विमानतळावर सोयीच्या वेळा सुरुवातीलाच मिळतात, मग त्या मिळत नाहीत. बिदर किंवा कलबुर्गी ते नवी मुंबई हा मार्ग मागायचा तर हीच वेळ आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात उडानची सुधारित योजना जाहीर झाली, दहा वर्षांत १२० नवी ठिकाणं आणि चार कोटी प्रवासी. त्यात आपलं नाव घालायचं तर हातात निवेदनापेक्षा आकडे हवेत.

मग करायचं काय?

अमेरिकेत १९७८ मध्ये विमान कंपन्यांवरचे निर्बंध उठले, तेव्हाच लहान गावांची सेवा तुटू नये म्हणून अनुदानाची योजना आली. ती अजून चालू आहे. तिथंही वाद होतात. पण मोठ्या विमानतळाजवळच्या गावांना रोज किमान किती प्रवासी हवेत, एका प्रवाशामागं जास्तीत जास्त किती अनुदान, याच्या अटी आहेत. शिवाय तिथलं विमान वाहतूक खातं दरवर्षी विमानतळनिहाय पुढच्या वर्षांचा अंदाज छापतं. आपल्याला ते सगळं उचलायची गरज नाही. चार गोष्टी मात्र इथंच, कमी खर्चात होऊ शकतात.

एक, मोजणी. कल्याण कर्नाटक परिवहनच्या हैदराबाद बसमध्ये आणि हुमनाबाद-जहीराबादच्या टोलनाक्यांवर पंधरा दिवस विचारणा करावी : विमानतळाला निघालात का, कुठं जाणार, कुठल्या तालुक्याचे. बिदर, भालकी, बसवकल्याण, उदगीर, आळंद, कलबुर्गीच्या तिकीट एजंटांकडून नावं न घेता नुसती संख्या घ्यावी. एका कॉलेजची मुलं हे काम करू शकतात.

दोन, वेळ आणि दिशा. सकाळी जाऊन संध्याकाळी परत, अशी फेरी कुठल्या दिवशी शक्य आहे ते आधी ठरवावं. बिदरला धावपट्टी हवाई दलाची, त्यांच्या सरावाच्या वेळा सांभाळूनच काम होणार. म्हणून ही बोलणी शेवटी नाही, सुरुवातीला व्हावीत. आणि चार फेऱ्यांतल्या दोन बेंगळूरु, दोन मुंबई-पुणे असं करून बघायला काय हरकत आहे?

तीन, कराराची रीत. एका वर्षाची मदत म्हणजे प्रवाशाला सवय लागेपर्यंत विमान बंद. तीन वर्षांचा करार असावा, अनुदान दरवर्षी उतरतं असावं, आणि ते आसनावर न देता उत्पन्नातल्या तुटीवर द्यावं. विमान भरलं तर सरकारचा पैसा वाचेल, रिकामं गेलं तर कंपनीलाही झळ बसेल. प्रवासी किती आणि अनुदान किती, हे दर महिन्याला जाहीर व्हावं.

चार, दोन राज्यांची भागीदारी. हे सर्वांत अवघड. पण बिदरहून मुंबईचं विमान उडालं तर त्याचा लाभ उदगीर-निलंग्यालाही आहे, मग महाराष्ट्रानं थोडा वाटा का उचलू नये? आणि सोलापूर-बेंगळूरु विमानात आळंद-अफजलपूरची माणसं बसत असतील तर कर्नाटकानं का नाही? सीमेच्या प्रश्नावर दोन्ही सरकारं न्यायालयात समोरासमोर आहेत. विमानाच्या तिकिटावर एकत्र बसायला न्यायालयाची परवानगी लागत नाही.

मोजणीतून उलटंही निघू शकतं, हेही मान्य करायला हवं. कदाचित असं दिसेल की या भागाला दोन विमानतळ चालवण्याइतके प्रवासी अजून दहा वर्षं नाहीत, आणि बिदरहून शमशाबादला दर तासाला चांगली बस दिली तर जास्त लोकांचं भलं होईल. तसं निघालं तर ते ऐकायची तयारी पाहिजे. कोट्यवधी रुपये अंदाजाविना घालण्यापेक्षा कडू आकडा बरा.

विमान कंपन्यांचं उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारपासून लागू होतं. यंदा २९ मार्चला. बिदरच्या मदतीचं वर्ष १७ एप्रिलला भरतं. या दोन तारखांच्या आत पुढचा निर्णय घ्यावा लागणार आहे. मुदतवाढीची मागणी होईल, ती व्हावीच. फक्त मागणीच्या पत्राला या वेळी प्रवाशांची यादी जोडलेली असावी : तालुका, दिशा, संख्या. पंधरा दिवसांची मोजणी आत्ता सुरू केली तर तेवढी यादी मार्चच्या आधी तयार होते.